डब्याचा पत्ता सांगा, फुलाचा नको

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एक ताई गेल्या एप्रिलमध्ये भावाकडे इंग्लंडला गेल्या होत्या. तिथे भाच्यांबरोबर जंगलातून हिंडताना त्यांनी जिओकॅशिंग केलं, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून कुणीतरी लपवलेले डबे शोधून काढले. वाटेत ब्लूबेलची निळी फुलं, खारी, पक्षीही बघितले. आता आठवीतल्या लेकीला घेऊन तेच त्यांना इथे करायचंय. वसंतात कुठे जावं, काय दिसेल, आपणच एखादा डबा लपवला तर चालेल का, आणि घरचा कुत्रा बरोबर नेला तर?

ताई, आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पहिल्याच रविवारी हिरमोड व्हायचा नाही. तिकडे वसंतात मान खाली घालून चालायचं असतं, इकडे मान वर करून. तिकडच्या जंगलात झाडांना पालवी फुटेपर्यंतच जमिनीवर भरपूर ऊन पोचतं. तेवढ्या काही आठवड्यांत ब्लूबेलला वाढून, फुलून, कंदात पुढच्या वर्षाची बेगमी करून मोकळं व्हावं लागतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाला तोटा नसतो, तोटा पाण्याचा. वरच्या मातीत ओल नाही म्हटल्यावर गवतातली नाजूक फुलं पावसाळ्याची वाट बघत बसतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरची फुलांची रंगपंचमी बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात जायचं. मार्चमध्ये तिथे वाळकं गवत आणि काळा-तांबडा कातळ. वसंतात फुलतात ती खोल मुळांची झाडं. त्यातली कित्येक आधी पानं गाळतात आणि मग फुलतात. पानांचा आडोसा नसला की पक्ष्यांना फूल लांबून दिसतं, आणि बी तयार होतं ते बरोबर पावसाच्या तोंडावर.

म्हणून लेकीला पहिल्यांदा झाडं ओळखायला शिकवा. पांगारा, काटेसावर आणि पळस ही तीन लाल-केशरी झाडं जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत मागेपुढे फुलतात. तिघांनाही वास जवळजवळ नाही, कारण गिऱ्हाईक पक्षी. त्यांना रंग आणि रस पुरे. पळसाला पाने तीनच हे तिला पाठ असेलच, पण फुलाच्या बुडाची काळपट मखमल बोट लावून बघायला सांगा. काटेसावरीखाली अर्धा तास नुसतं बसा. वर साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, पोपट, हळद्या असा बाजार भरलेला असतो, आणि खाली पडलेली मांसल फुलं खायला भेकरं येतात. सकाळी त्या झाडाखाली खुरांचे ठसे हमखास सापडतात. माझ्या मते फुललेली काटेसावर ही कुठल्याही निरीक्षण मनोऱ्यापेक्षा चांगली जागा.

दाट जंगलात शिरलात की अंजनी शोधा. राधानगरी पट्ट्यातलं सदाहरित जंगल हे मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचंच. अंजनीची फुलं शेंड्याला येत नाहीत, फांदीलाच बिलगून येतात; गर्द निळी-जांभळी, इवलीशी, पण फांदीभर. लाकूड लोखंडासारखं कठीण आणि फुलं अशी, हा विरोध मुलांच्या चांगला लक्षात राहतो. त्याच सुमारास करवंदीच्या जाळीला पांढरी चांदणी लागते आणि तिचा वास उन्हं चढायच्या आत घ्यायचा असतो. धायटी, उक्षी वाटेच्या कडेला भेटतात. मार्चमध्ये कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून ती फुलंच वाटतात. मीही पहिल्या वर्षी फसलो होतो. कुंभ्याची पांढरी-गुलाबी झुबकेदार फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात. एप्रिलमध्ये गेळा. याचं फूल पांढरं उमलतं आणि जुनं होता होता पिवळं पडतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात. मग बहावा आणि ताम्हण. ताम्हण आपलं राज्यफूल, पण ते कोणतं विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात.

आता डब्याच्या खेळाकडे. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंतची फसगत व्हायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले: शोधा, काही घ्या, काही ठेवा. खेळाचा जन्म इतका साधा. त्या बादलीत घेवड्याचा डबाही होता. आज नियमाप्रमाणे खाण्याची वस्तू डब्यात ठेवायची नसते, आणि आपल्याकडे तर अजिबातच नाही. मुंग्या, वानरं, रानडुकरं, अस्वल, सगळी मंडळी तुमच्या आधी डब्यापर्यंत पोचतील.

आकडे कसे वाचायचे ते एकदा नीट शिका, कारण नवख्यांची निम्मी पायपीट इथेच वाया जाते. या खेळात स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. १६ अंश ४२.५ मिनिटं म्हणजे १६.७०८ अंश, कोल्हापूरच्या आसपासचा अक्षांश. हेच कुणी १६.४२५ असं नकाशात भरलं तर तो एकतीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचतो. मी एका चुणचुणीत इंजिनिअर मुलाला हे करताना बघितलंय. डबा पन्हाळ्याच्या बाजूला आणि हा गडी कागलच्या पुढे निघालेला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, त्यामुळे मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जेमतेम दोन मीटर. पण मोबाइल तेवढा नेमका नसतो. उघड्या माळावर तीन-पाच मीटरचा फरक धरा. कड्याखाली आणि दाट झाडीत संकेत खडकावर आपटून उशिरा पोचतो आणि बाण तुम्हाला पंधरा-वीस मीटर भलतीकडे नेतो. म्हणून शेवटच्या दहा मीटरला मोबाइल खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. लपवणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं: मी असतो तर कुठे ठेवला असता?

पण तिकडची एक सवय इथे मोडावीच लागेल. तिकडे झाडाच्या ढोलीत, दगडाच्या फटीत बेधडक हात घालतात. आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, जांभ्या दगडाच्या फटीत फुरसं असतं. हातभर लांबीचंसुद्धा नाही, रंग मातीसारखाच, आणि विषारी. डिवचलं तर अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतं. तो आवाज ऐकला तर जागच्या जागी मागे सरका. एकदा माझ्याबरोबरच्या पोराने चपटा दगड उचलायला बोटं खाली सरकवली होती आणि मी काठीने त्याचा हात अक्षरशः बाजूला ढकलला. दगडाखाली होती इंगळी. पोरगं तेवढ्यावर सुटलं. तेव्हापासून माझा नियम असा, की हात जाण्याआधी डोळा, डोळ्याआधी काठी, आणि आत दिसत नसेल तर डबा गेला खड्ड्यात. दगड उचललाच तर आपल्याकडच्या कडेने उचलू नका, पलीकडची कड वर करा, म्हणजे आत कोणी असेल तर त्याला बाहेर पडायची वाट तुमच्याविरुद्ध बाजूला मिळते. आणि तो पुन्हा जसाच्या तसा ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे.

डबा कुठे लपवता येईल? हे सरळच सांगतो: अभयारण्यात नाही. राधानगरी हे राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून सुरू झालं, १९८५ मध्ये वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे प्रवेशच परवानगीने मिळतो. वाट सोडून झुडपात डबा ठेवायला जाणं हा खेळ राहत नाही. पन्हाळ्याचा किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशाच्या बारा किल्ल्यांत युनेस्कोने त्याचीही नोंद केली. तिथल्या तटात डबा कोंबू नका. देवराईत तर नाहीच. देवराईतलं वाळलेलं लाकूडही जिथे लोक उचलत नाहीत, तिथे प्लॅस्टिकचा डबा नेऊन ठेवला तर गावकरी काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे. गर्दीची ठिकाणं, देवळं, पूल, धरण टाळा. बेवारस डबा दिसला की पोलिसांना फोन जातो, आणि तो जायलाच हवा.

मग उरतं काय? गावाकडचं रान. तुमचं, भावकीचं, मैत्रिणीचं. मालकाची परवानगी घ्या, शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. झाकणाला रबर असलेला, चारी बाजूंनी क्लिप लागणारा डबा घ्या, त्यावर मराठीत ठळक लिहा की हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही. आत वही आणि पेन्सिल. पेन नको, गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पहिल्या जुलैतच शाई वाहून सगळ्यांची नावं एक होतात. आणि बांधाच्या कडेला ठेवू नका. माझा पहिला डबा मी उसाच्या फडाजवळच्या बांधावर आंब्याच्या बुंध्यात ठेवला होता. तोडणी झाली, पाचट पेटवलं, आणि महिन्याने मला तिथे प्लॅस्टिकची पोळी सापडली. दुसरा डोंगरउतारावर ठेवला, तो वणव्यात गेला. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे आगीचा हंगाम असतो, हे त्या दोन डब्यांनी मला शिकवलं. आता आमचा डबा विहिरीच्या दगडी कठड्यामागे असतो. तो शोधताना कुणी दोन मिनिटं वाकून उभं राहिलं, की वाटेवरचे चार जण “काय हरवलंय काय?” म्हणून गोळा होतात आणि शेवटी तेच डबा शोधून देतात.

खरं सांगू? आपल्या भागासाठी मला बिनडब्याचा खेळच जास्त आवडतो. जिओकॅशिंगमध्येही असे प्रकार आहेत: जागेवर जायचं, काहीतरी बघायचं आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. खडक-मातीचा धडा देणाऱ्या जागांना तिकडे अर्थकॅश म्हणतात. मसाई पठार त्यासाठीच घडलंय. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, आणि माथ्यावर तोच कातळ ऊन-पावसात कुजून झालेला तांबडा जांभा, ज्यात लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलंय. कडेला जिथे दोन्ही एकाखाली एक दिसतात, तिथे लेकीला उभं करा आणि विचारा, छिद्रं कुठल्या दगडात जास्त आणि का? पन्हाळ्यावर अंबरखान्याजवळ विचारा, तिन्ही कोठारांची नावं काय? (गंगा, यमुना, सरस्वती.) पुढच्या ठिकाणाचा आकडा आधीच्या उत्तरातून काढायला लावा. आणि सगळ्यांत मजेचा प्रकार: रस्त्याकडेच्या, सगळ्यांना माहीत असलेल्या एखाद्या मोठ्या पळसाचा किंवा बहाव्याचा पत्ता ठरवा आणि दर पंधरवड्याला तिथे जाऊन कळ्या, फुलं, शेंगा किती ते लिहा. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभरातून अशाच नोंदी गोळा करतो. शाळेतली मुलंही त्यात भाग घेतात.

“सगळ्यांना माहीत असलेलं झाड” हे मी मुद्दाम म्हटलं, कारण इथेच या दोन छंदांचं वाकडं येतं. डब्याच्या खेळात पत्ता जितका नेमका तितका चांगला. फुला-प्राण्यांच्या बाबतीत जितका मोघम तितका चांगला. मी हे चुकून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात एका जांभळीवर सीतेची वेणी फुललेली बघितली. हे ऑर्किड, गुलाबी-पांढऱ्या फुलांची वीतभर लोंबती वेणीच. डब्याची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे फोटोबरोबर तिन्ही दशांशांसकट जागा लिहून चार ओळखीच्यांना पाठवली. ती चारांची चाळीस झाली असावीत. पुढच्या वर्षी गेलो तर फांदीवर नुसते ओरखडे, साल सोललेली. कुणी नेलं माहीत नाही. पत्ता मात्र मीच दिला होता. फांदीवरनं ओरबाडलेली ती वेणी बाल्कनीतल्या कुंडीत जगतही नाही, हे आणखी वाईट.

तेव्हापासून ऑर्किड, घरटी, धनेशाची ढोली, शेकरूचं घर, खवले मांजराची खूण, यातल्या कशाचाही पत्ता मी देत नाही. धनेशाचं तर वसंतात विशेष सांभाळायचं असतं. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर एका फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवत राहतो. त्या झाडाखाली चार दिवस गर्दी झाली, नर यायला बिचकला, की आत उपासमार. मोबाइल प्रत्येक फोटोच्या पोटात जागा लिहून ठेवतो. मूळ फाइल पाठवली की तीही जाते, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन जंगलात बंद ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर संकटात असलेल्या जातींची जागा ते आपणहून वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं. पण सीतेच्या वेणीसारख्या जातींसाठी भरवसा ठेवू नका, ‘धूसर’ हा पर्याय स्वतः निवडा. नोंद अभ्यासाला उपयोगी पडतेच, फक्त वाट दाखवत नाही.

प्राणी दिसतील का? दाजीपूरला गेलात तर गवा दिसायची शक्यता उन्हाळ्याच्या तोंडावर चांगली, कारण रानातलं पाणी आटतं आणि कळप पाणवठ्यांकडे, सड्यावरच्या गवताकडे येतात. कोल्हापूरहून फोंड्याच्या रस्त्याने साधारण ऐंशी किलोमीटर. मुक्काम करून पहाटे निघा, वन विभागाच्या नाक्यावर रीतसर पावती करा, गावातला वाटाड्या घ्या. त्याला जे दिसतं ते आपल्याला दाखवल्यावरही दिसत नाही. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. कळप थांबून तुमच्याकडे बघतोय म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. आवाज न करता तिरके मागे जा. एकटा नर आणि वासरू-गाय यांच्यापासून जास्तच अंतर ठेवा. सेल्फीसाठी पाठ फिरवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं?

बाकी जंगल कानाने बघायचं. कुत्र्यासारखं एकेक भुंकणं म्हणजे भेकर, आणि ते भुंकतंय म्हणजे त्याने काहीतरी पाहिलंय. वरून खडखडाट आला तर शेकरू. ते दिसलं नाही तरी उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एकच शेकरू असे बरेच गोळे बांधून ठेवतं. पाण्याच्या कडेने कुणी माणूस रमतगमत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर. एप्रिलमध्ये पावशाचं “पेर्ते व्हा” सुरू झालं की समजा वसंत संपत आला. मे अखेरीस राधानगरीकडे काजवे. त्यासाठी पुन्हा यावंच लागेल.

तब्येतीचं थोडक्यात. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, मान, कानांमागे गोचीड आहे का बघा. खालच्या अंगाला, सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो मुख्यतः गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम नेमका डिसेंबर ते मे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवा, आणि जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरड नको. पाणी माणशी तीन लिटर. आणि चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला जाऊ नका. त्या दिवसांत सासनकाठ्या आणि गुलालाखेरीज काही शोधता यायचं नाही. यात्रा म्हणून जायचं असेल तर जरूर जा, चांगभलं!

पहिली फेरी म्हणून पन्हाळ्यावरचं तबक उद्यान आणि आसपासचे रस्ते पुरेत. सकाळी सातला पोचा, दहाच्या आत झाडाखाली डबा उघडा. घरून आणलेला, पोह्यांचा. दाजीपूर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला.

कुत्र्याचं राहिलंच. अभयारण्यात तो चालत नाही, आणि बाहेरच्या जंगलातही मी नेणार नाही. पन्हाळ्याच्या आसपास बिबट्या आहे आणि कुत्रा त्याचं आवडतं खाणं. शिवाय आपल्या कुत्र्याचे रोग रानातल्या कोल्ह्यांना, कोळसुंदांना म्हणजे रानकुत्र्यांना लागतात. शेतातल्या डब्याला मात्र खुशाल न्या, साखळी लावून. आमचा मोत्या आता डबा आमच्या आधी शोधतो, म्हणून त्याला घरी ठेवूनच आम्ही पाहुण्यांशी पैज लावतो.